शनिवारी तक्रार करायची नाही

आमच्या घराण्यात बोलणारी माणसं पुष्कळ झाली, पण तक्रार करण्यात माझा हात धरणारं कोणी निघालं नाही. हे मी म्हणत नाही, बायको म्हणते. माझं चष्म्याचं दुकान आहे, जबलपुरातल्या गोरखपूर बाजारात. गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं, हनुवटी यंत्रावर टेकली, की त्याला उठून जाता येत नाही. तेवढ्या वेळात मी त्याला खोदून ठेवलेल्या रस्त्याबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल आणि हल्लीच्या फ्रेमी कशा सहा महिन्यांत ढिल्या पडतात त्याबद्दल ऐकवून घेतो. फ्रेमी मीच विकतो, पण त्यानं काही बिघडत नाही.

आम्ही ज्यू, बेने इस्राएल. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी कोकण सोडून जबलपुरात आले आणि इथलेच झाले. त्यांच्या वेळी आमची आणखी काही घरं इथं होती. एकेक करून ती इस्राएलला गेली, नाही तर ठाण्याला गेली. आता आमचंच घर उरलं आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इथं एक आहे आणि तोही कुरकुरतो.

शनिवारी दुकान बंद असतं, म्हणून शेजारचा चपलांचा दुकानदार मला शनिदेवाचा मोठा भक्त समजतो. आमच्या शब्बाथबद्दल, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विसाव्याच्या दिवसाबद्दल, मी त्याला दोनदा सगळं समजावून सांगितलं. त्यानं आदरानं ऐकलं आणि पुढच्या शुक्रवारी तेलाची बाटली आणून हातात दिली, ‘भैया, मेरी तरफ से भी चढ़ा देना.’ मी ती घरी आणली. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे तेलाचाच दिवा लागतो, त्यामुळे तेल काही वाया गेलं नाही. देवाच्या दरबारी ते कोणाच्या नावावर चढलं असेल, ते तो चपलेवाला आणि देव बघून घेतील.

तर झालं असं की एका लग्नासाठी आम्ही ठाण्याला गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी माझे मामा बसले होते. मामा ऐंशीच्या पुढचे, कान तीक्ष्ण. मी हॉलच्या पंख्यांपासून सुरुवात केली, भातापर्यंत आलो, आणि नवरदेवाच्या बुटांकडे वळणार इतक्यात मामांनी चमचा खाली ठेवला. शब्बाथची प्रार्थना म्हणतोस ना, असं त्यांनी विचारलं. म्हणतो म्हटलं. मग रोजच्या प्रार्थनेतलं त्यात काय गाळलेलं असतं ते कधी पाहिलंस का? मी म्हटलं, थोडी लहान असते, लवकर संपते, एवढं माझ्या लक्षात आलं आहे.

मामा हसले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं: रोज आपण देवाजवळ मागत असतो. अक्कल दे, तब्येत दे, पाऊस दे, पोटापाण्याचं बघ. शब्बाथला ही सगळी मागणी गाळलेली असते. त्या दिवशी देव सुटीवर असतो म्हणून नव्हे. त्या दिवशी माणसानं असं राहायचं, की जे हवं होतं ते सगळं मिळालं आहे आणि हातातलं अर्धवट काम पुरं झालं आहे. खरं तर झालेलं नसतंच, कधीच नसतं. पण आनंद हा सगळं जमून आल्यावर दारात येणारा पाहुणा नव्हे. दिवा लावावा तसा तो आपण आपल्या हातानं लावायचा असतो. आपल्या जुन्या जाणत्यांनी श्रीमंतीचं माप तिजोरीत ठेवलंच नाही. माणसाला त्याचा वाटा किती पुरतो, त्यावर ठेवलं.

“आणि तू जे दिवसभर करतोस ना,” मामा म्हणाले, “ती तक्रार. तक्रार म्हणजे मागणंच. फक्त तोंड वाकडं करून.”

परतीच्या गाडीत इटारसी येईपर्यंत मी गप्प होतो. बायकोनं दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. घरी आल्यावर मी जाहीर केलं, की यापुढे शुक्रवारी दिवा लागल्यापासून शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत या घरात तक्रार करायची नाही आणि काही मागायचंही नाही. बायको अलिबागकडची. कुठलीही गोष्ट चार बाजूंनी पारखून घेतल्याशिवाय ती हो म्हणत नाही. या वेळी मात्र माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाली.

पहिल्या शनिवारी दुपारपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं, आणि ते दुखतं आहे हेही सांगायची सोय नव्हती. बायको दिवसभर गुणगुणत होती. दुसऱ्या शनिवारी थोडं निभावलं. मग हळूहळू काहीतरी सैल पडत गेलं. आमचं घर गल्लीच्या पार आत आहे. ऊन येत नाही, गाडी येत नाही, पाहुण्याला सापडत नाही, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. एका शनिवारी लक्षात आलं की गाडी येत नाही म्हणूनच दुपारी इथं अंगणातल्या कढीपत्त्यावरच्या चिमण्या ऐकू येतात. बायको खाटेवर काहीतरी वाचत पडली होती. तिचा चष्मा एका बाजूला कलला होता. चष्मेवाल्याची बायको आणि चष्मा वाकडा, हे रोज मला टोचतं. त्या दिवशी टोचलं नाही. उलट वाटलं, आहे ते किती बरं आहे. हे वाटणं संध्याकाळपर्यंतच टिकलं, पण आठवड्यातला एक दिवस मला माझं घर पुरायला लागलं होतं.

आता मुलीचं. एकुलती एक. पुण्याला असते. खाऱ्या पाण्यावर पिकं कशी जगतील, यावर ती काम करते. तिला इस्राएलमधल्या एका वाळवंटी गावातून बोलावणं आलं, की तिथं येऊन हेच काम कर, राहायची सोय करतो. ऐकल्या दिवसापासून मला वाटत होतं, तिनं जाऊ नये. कारण आमच्या लोकांचं मी पाहिलं आहे. जो तिथं जातो तो तिथलाच होतो, इथं येतो ते फक्त लग्नाला. माझा सख्खा भाऊ गेला, चुलत भावंडं गेली. आता ही गेली म्हणजे जबलपुरात आम्ही दोघं आणि तो चपलेवाला.

पण ‘जाऊ नको’ हे मला सरळ म्हणता येत नाही. मी फोनवर तिथल्या उन्हाची तक्रार केली, तिथल्या बातम्यांची केली, विमानाच्या तिकिटाची केली, वाळूची केली. ती ऐकून घ्यायची. शेवटी म्हणाली, पप्पा, मी घरी येते आणि तिथंच ठरवते. रविवारी त्यांच्याकडे कामाचा दिवस असतो, तोवर हो की नाही ते कळवायचं होतं.

शुक्रवारी उन्हं कलल्यावर ती आली, आणि आल्या आल्या नहायला गेली. बाहेर येईपर्यंत दिवा लागला होता. म्हणजे माझं तोंड बांधलेलं. शनिवारच्या या नियमाबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. बायकोला वाटलं मी फोनवर सांगितलं असेल, मला वाटलं तिनं सांगितलं असेल. मी मनुकांच्या शरबताचा पेला हातात घेऊन आशीर्वाद म्हटला. आमच्याकडे वाइनऐवजी हेच असतं. भाकरीचे तुकडे वाटले आणि जेवायला बसलो. नारळाच्या दुधातला मासा होता आणि वांग्याची भाजी होती. वांगं मी जन्मात मुकाट्यानं खाल्लेलं नाही. त्या दिवशी खाल्लं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. माझ्या हल्ल्याची तयारी करूनच ती आली असावी, उत्तरं पाठ करून. मी विचारलं, गाडीत जागा नीट मिळाली का. ती म्हणाली, गाडी दोन तास उशिरा आली. मी म्हटलं, आली ना, झालं तर. तिचा घास हातातच राहिला. मग ती म्हणाली, स्टेशनहून ऑटोवाल्यानं दुप्पट पैसे घेतले. मी म्हटलं, असू दे, त्यालाही घर आहे.

मला स्वतःबद्दल केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. जिभेवर आलेलं ‘जाऊ नको’ गिळून मी हसत होतो. मामांनी पाहायला हवं होतं, असं वाटत होतं.

शनिवारी सकाळी ती शेजारच्या काकूंकडे गेली. काकू मूळच्या वर्ध्याकडच्या, मनानं लोण्यासारख्या. तिथं काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. काकूंनी चहा दिला, आणि सहज म्हणून गेल्या, “तुझे पप्पा आजकाल भलतेच शांत झाले गं. शनिवारी तर आवाजच नाही येत. मी यांना म्हटलंबी, काहून बा, तब्येत बरी नाही का त्यांची?”

एवढं पुरलं. मुलगी घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. आईला म्हणाली, पप्पांना काय झालंय ते खरं सांग. बायको म्हणाली, काही झालेलं नाही, त्यांनी नियम केला आहे, मामांनी सांगितला तो. आणि तिनं शब्बाथचं, वाट्याचं, समाधानाचं सगळं सांगितलं. त्यानं तर आगीत तेल पडलं. मुलीचं म्हणणं, की पन्नाशी उलटलेला माणूस एकाएकी देवाधर्माला लागतो आणि आहे त्यात खूश राहतो, तेव्हा डॉक्टरनं त्याला काहीतरी सांगितलेलं असतं. पप्पा ऑटोवाल्याला माफ करतात, मम्मी. इतकं कोणी उगाच करत नाही.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. दुपारी मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. ती येऊन पायाशी पायरीवर बसली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, “पप्पा, मी नाही जात तिकडे. नागपूरला काहीतरी बघीन. नाही तर इथेच, जबलपुरात. तुमच्याजवळ.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बरं बेटा, एवढंच म्हणालो. मनात मात्र नगारे वाजत होते. महिनाभर तक्रार करून जे मिळालं नाही, ते एक दिवस न मागता मिळालं. ज्यूंच्या जाणत्या माणसांनी हजारो वर्षं जे सांगितलं, ते आमच्या गल्लीत एका दुपारी सिद्ध झालं होतं. मामांना कधी फोन करतो असं मला झालं.

आत जाऊन मी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, हातही थांबवला नाही. सकाळचं सगळं मला सांगितलं. काकूंचं, डॉक्टरचं, ऑटोवाल्याचं. मुलगी मोरीत जाऊन रडून आली होती, तेही.

मी खाली बसलो. आणि इथं मला माझी अक्कल दाखवायची बुद्धी झाली. मी म्हटलं, “हे बघ, मी काही मागितलं नाही. खोटंही बोललो नाही. आपणहून आलं. जे येईल त्यात खूश राहायचं, हेच तर मामा म्हणतात.”

“आपल्या वाट्यात खूश राहायचं म्हणतात,” बायको म्हणाली. “पंगतीत दुसऱ्याचं ताट चुकून तुमच्यापुढं आलं, तर ते तुमचं झालं का? हा वाटा तिचा आहे. ती उपाशी उठणार आणि तुम्ही आशीर्वाद म्हणणार. असं समाधान कुठल्या मामांनी सांगितलं?”

उन्हं उतरायला लागली होती. मी म्हटलं, चांदण्या दिसू दे, शब्बाथ संपला की सांगतो तिला. बायको म्हणाली, आता बरा शब्बाथ आठवला. ती बघा, फोन घेऊन बसली आहे. नाही म्हणून लिहून टाकते आहे.

शब्बाथला फोनला हात लावायचा नाही, हा आमचा नियम तिच्यावर चालत नाही. ती खरंच पायरीवर वाकून लिहीत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, “बेटा, मला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे.”

“हो पप्पा,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मी जितक्या शांतपणे सांगावं, तितकी तिची खात्री पटत चालली होती. मी म्हटलं, शुगर नाही, बीपी नाही, काही नाही, मी सुखात आहे. सुखात आहे म्हटल्यावर तर ती ओठ दाबून रडायलाच लागली.

मग मी वर पाहिलं. आकाश अजून उजेडाचं होतं, एक चांदणी नव्हती. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही शिकवतात. यात कोणाचा जीव वाचत होता ते मी ठरवत बसलो नाही.

“काल तुझ्या आईनं वांगं केलं,” मी म्हटलं. “मुलगी इतक्या महिन्यांनी घरी येते आणि वांगं. त्यात मीठ नव्हतं. आणि त्या ऑटोवाल्याला तू दुप्पट दिलेस काहून? घासाघीस करायला तोंड नाही का? पुण्यात राहून हेच शिकून राहिली? अच्छा, आणि हा फोन. आल्यापासून बघतो, मान वर नाही. डोळे बिघडले की मग चष्मा, मग येशील माझ्याच दुकानात, आणि फ्रेम पाहिजे फुकट. आणि त्या काकू. माझी तब्येत मला नाही माहीत, त्यांना माहीत. त्यांच्या टाकीचं पाणी रोज वाहते माझ्या भिंतीवर, ते नाही दिसत त्यांना. ही भिंत बघ. हे पोपडे बघ.”

तिनं डोळे पुसायचे थांबवले होते. मला आता थांबता येईना. दोन महिन्यांचे शनिवार आत साठलेले होते.

“आणि तू,” मी म्हटलं. “तू त्या वाळवंटात जाणार म्हणून मला धड झोप नाही लागत. तिथं कोण आहे तुला? माझा भाऊ आहे, त्याला स्वतःचे मोजे नाही सापडत. तू गेली की या घरात मी कोणाशी भांडू? तुझी आई तर ऐकूनच घेत नाही. मला नाही पाहिजे तू जायला. अजिबात नाही पाहिजे. पण माझ्यासाठी इथं बसली, तर मी जन्मभर तक्रार करीन. कळलं? जन्मभर. चल, हो म्हणून लिही त्यांना. आणि नीट लिही, चुका करू नको.”

ती उठली आणि माझ्या गळ्यात पडली. हसत होती की रडत होती, ते तिलाही कळत नसावं. आईला ओरडून म्हणाली, “मम्मी, पप्पा बिलकुल ठीक हैं.”

आतून बायको म्हणाली, ऐकलं, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आणि वांग्यात मीठ होतं.

चांदण्या निघाल्यावर आम्ही शब्बाथला निरोप दिला. मेणबत्ती लावली, रीतीप्रमाणे वासाचा मसाला हुंगून एकमेकांच्या हातात दिला. मी तिला विचारलं, परत येशील? ती म्हणाली, खरं सांगू पप्पा, माहीत नाही. मला ते उत्तर आवडलं नाही. पण खरं होतं, आणि मला दिलेलं होतं. रविवारी सकाळी तिनं त्यांना हो कळवलं. मी मामांना फोन करून सगळं सांगितलं. नियम मोडला म्हणून रागावतील असं वाटलं होतं. मामा बराच वेळ खोकले, मग म्हणाले, वांग्यात मीठ खरंच नव्हतं का रे?

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. नियम आमच्याकडे चालू आहे. समाधान मला जमलं, असं मी म्हणणार नाही. शनिवारी दुपारी त्या पायरीकडे बघितलं की आत काहीतरी मागायला लागतं, आणि मी त्याला गप्प बसवतो, कधी बसतं, कधी नाही. तिथली मुलगी तिथं आहे, इथली पायरी इथं आहे, आणि हे दोन्ही मिळून माझा वाटा झाला आहे. त्यातला एकच तुकडा उचलून खूश होता येत नाही, एवढं मला बायकोनं तांदूळ निवडता निवडता शिकवलं. बाकीचं शिकतो आहे.

शुक्रवारी दिवा लागायच्या आधी तिचा फोन येतो. सुरुवातीला ती म्हणायची, चला पप्पा, होऊन जाऊ द्या, आणि मी सुरू करायचो. मी कमी बोललो तर ती आईला फोन द्यायला सांगायची आणि माझ्या तब्येतीची चौकशी करायची.

गेल्या शुक्रवारी मी तोंड उघडायच्या आत तीच सुरू झाली. तिथली धूळ खिडकी बंद केली तरी आत येते. खोलीतली मुलगी रात्री भांडी घासत नाही. बसवाला थांब्यावर थांबत नाही, पुढं जाऊन थांबतो. तिथल्या काकांनी जेवायला बोलावलं, आणि काय केलं होतं तर पाव आणि ऑम्लेट. खाऱ्या पाण्यावरची रोपं तेवढी चांगली आली आहेत, पण त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ आहे, सगळे तिसऱ्याच गोष्टीवर भांडत असतात.

बायको वाती करत होती, तिनं हातानंच विचारलं, काय म्हणते? मी फोनवर हात ठेवून सांगितलं, मजेत आहे. आणि फोन पुन्हा कानाला लावला.